बेटाईची ओटी

आमच्या बनाक्काला उभ्या गावानं देवभोळी ठरवून टाकलं होतं आणि ते ऐकताना मला हसू दाबावं लागायचं. देवापुढे ती हात जोडायची तेसुद्धा घाईघाईनं, चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी. पण वर्षातून एकदा, गुढीपाडवा झाला की नवऱ्याबरोबर चार दिवस बेटाईला जाते म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार?

बनुबाई ही माझी थोरली जाऊ. मी लीला, धाकटी. मी सत्तर साली लग्न होऊन या घरात आले. सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा लागतो, त्या शिवेवरचं आमचं गाव. कृष्णेचं पाणी पाटानं येतं, म्हणून ऊस. घरात सासूबाई, चंद्राबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. थोरले दीर आकाराम फौजेत, त्यांना सगळेच दादा म्हणत. आणि आमचे मालक हंबीरराव शेती बघायचे.

बनाक्का उंच, काटकुळी, आणि तिची चाल अशी की मागून कुणी हाक मारावी तर तोवर ती विहिरीवर पोचलेली असायची. पहिली पाच वर्षं मी तिला बसलेली म्हणून बघितली नाही. जेवायचीसुद्धा उकिडवी, एक डोळा चुलीवर ठेवून. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि त्याच साली दादा पलटणीत भरती झाले. मग अठरा वर्षं वर्षाला दोन महिन्यांची रजा, तीही नेमकी सुगीत. रजेत माणूस घरी आलं तरी दिवसा शेतात, सांजेला पारावर. दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, तरी नवरा-बायकोनं आठ दिवस सलग एकमेकांशी बोलून काढलेत असं कधी झालं नाही. एकदा खुरपताना ती मला म्हणाली, "लीले, माजा संसार पोष्टमननं केला. मी नुसता मनिआर्डरीवर अंगठा उठवला." मी हसले. ती हसली नाही, तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

एकाहत्तरच्या लढाईत दादांच्या गुडघ्यात छर्रे गेले. पाच महिने पुण्याच्या लष्करी दवाखान्यात काढले आणि पेन्शन घेऊन, पाय ओढत घरी आले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर मालवणकडचा एक जवान होता, बाबल नावाचा. त्याचं घर खाडीतल्या एका बेटावर. चारी बाजूंनी पाणी, मधे माडांची बाग, सहा-सात घरं. तिकडे अशा बेटाला जुवा म्हणतात. त्र्याहत्तरच्या फाल्गुनात बाबलचं पत्र आलं. वहिनींना घेऊन ये, चार दिवस नुसता पडून राहा, असं त्यानं लिहिलं होतं.

आता आमच्याकडे नवरा-बायकोनं घराबाहेर पडायचं तर कारण तीनच. लगीन, मर्तिक नाहीतर देव. लग्न कुणाचं नव्हतं, देवाच्या दयेनं मर्तिकही नव्हतं. दादा दोन दिवस पत्र खिशात घालून हिंडले. तिसऱ्या दिवशी आत्या भाकरी थापत होत्या तिथं जाऊन म्हणाले, "आई, आमी जरा देवाला जाऊन येतो."

"कंच्या?" आत्यांनी विचारलं.

"हाय एक. समुद्राकडं. बेटावर."

"देव का देवी?"

दादांनी लढाईत तोफेपुढे डोकं खाली घातलं नसेल, पण आईपुढे घातलं. म्हणाले, "देवी."

"नाव काय?"

"बेटाई," दादा म्हणाले.

मी भिंतीआड धान्य पाखडत होते. माझं सूप थांबलं. पण आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पायाचा नवस बोलला आसशील. जावा." आमच्या औंधाला यमाई आहे, कुठं तुकाई आहे. मग समुद्रात बेटाई का नसावी? आत्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. वर त्यांनी ओटीचं सामान काढून दिलं आणि बनाक्काला बजावलं, "सवाष्णीच्या हातानं वटी भर. माज्या नावानं बी हात जोड."

असा तो देव जन्माला आला.

चार दिवसांनी बनाक्का परत आली ती मला ओळखू येईना. रंग उन्हानं रापलेला, पण चेहरा कसा भिजवून वाळत घातलेल्या धोतरासारखा सुरकुत्या मोडलेला. पदराला वास येत होता. देवीहून आलेल्या बाईच्या पदराला माशाचा वास! तिनं नारळाचे तुकडे गावभर प्रसाद म्हणून वाटले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर जाऊन रिठ्यानं केस धुतले.

मला खरं सांगायला तिनं दोन वर्षं लावली. पंच्याहत्तर साल असेल. आम्ही दोघी हळदीच्या रानात होतो आणि मी तिला टोचून म्हणाले, "आक्का, तुमच्या देवीला मासं चालत्यात वाटतं." तिनं खुरपं खाली ठेवलं. मला वाटलं आता मारते. पण ती खदखदून हसली आणि मग बांधावर बसून तिनं मला सगळं सांगितलं. बसून, हं! तिला बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

त्यानंतर दर वर्षी मी तिच्याकडून ते बेट ऐकत आले. रानात, विहिरीवर, गोठ्यात शेण भरताना. ती सांगायची आणि माझ्या हातातलं काम हळू व्हायचं. तिथं म्हणे नदी दिवसातून दोनदा माघारी फिरते. आपली कृष्णा बघावं तेव्हा एकाच दिशेनं चाललेली, जशी आपण बाया. पण तिथलं पाणी सकाळी समुद्राकडे जातं, मग मधेच थबकतं, जरा वेळ नुसतं उभं राहतं, आणि मग आलं त्या वाटेनं मागं येतं. माडाच्या मुळांपर्यंत येतं. पाणी उभं राहतं त्या घटकेला बेटावर एकही आवाज नसतो, असं ती म्हणायची. माडाच्या झावळ्या विणून केलेलं मल्ल, त्यावर ती दोघं बसतात. दादा पाय लांब करतात. ती त्यांच्या गुडघ्याला खोबरेल लावते आणि ते तिला पलटणीतल्या गोष्टी सांगतात, ज्या अठरा वर्षं सांगायच्या राहून गेल्या होत्या. समोरून एखादी होडी जाते. होडीतला माणूस हात करतो. एवढंच.

"आन दिवसभर काय करता?" मी विचारायची.

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी?"

"काय न्हाई म्हंजी काय न्हाई गं. बसायचं."

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, जळायची मी. आमच्या मालकांना मी एकदा म्हटलं, आपणबी कुठंतरी जाऊ. ते म्हणाले, "कशाला?"

एक गोष्ट मात्र बनाक्का पुन्हा पुन्हा सांगायची, आणि ती सांगताना तिचा आवाज बदलायचा. पहिल्या दिवशी दुपारी बाबलची बायको शेवंती हिनं पानं मांडली. बनाक्का सवयीनं उठून वाढायला गेली. शेवंतीनं तिचा हात धरून खाली बसवलं आणि पहिलं ताट तिच्यापुढे ठेवलं. गरम भात, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं कालवण, आमसुलाचं सार. "लगीन झाल्यापासनं मला कुणी आदी वाढलं न्हवतं, लीले," ती म्हणाली. "मी ताटाकडं बघतच बसले. ह्यास्नी वाटलं मला मासं आवडत न्हाईत."

इथवर सगळं गोड होतं. पण देव एकदा जन्माला घातला की तो वाढतो. दुसऱ्या वर्षी आळीतल्या धुळाच्या आईनं बेटाईसाठी खण दिला, कारण तिची म्हैस आटली होती. म्हैस पान्हावली. तिसऱ्या वर्षी पाच बायकांनी ओट्या दिल्या, चौथ्या वर्षी अकरा. शेजारची तानुबाई तर दर साली न चुकता खण-नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन यायची. एवढ्या ओट्यांचं बनाक्कानं करायचं काय? नारळ तिथं काय कमी! पण तिनं विचार करून एक ठरवलं होतं. आपल्याकडेही देवीला वाहिलेला खण शेवटी कुठल्यातरी बाईच्याच अंगावर जातो. म्हणून ती सगळ्या ओट्या शेवंतीला भरायची. पाटावर बसवून, हळद-कुंकू लावून, एकेकीचं नाव घेऊन. "तानुबाईच्या नावानं, धुळाच्या आयेच्या नावानं." शेवंतीला वाटायचं घाटावरची ही रीतच आहे.

आणि शहात्तर साली आत्यांनी आपली पेटी उघडली. तळातून एक खण काढला, हिरवा, तांबड्या काठाचा, अंगभर मोराच्या बुट्ट्या. मामंजींनी गुळेदगुडाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला. शिवायला टाकायच्या आधीच मामंजी गेले. विधवेनं कुठला तसला खण घालायचा! वीस वर्षं तो तसाच घडीत होता. आत्यांनी तो बनाक्काच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हे बेटाईच्या अंगावर घाल. मला सपान पडलं." खण घेतला नाही तर कारण काय सांगणार? घेऊन गेली आणि शेवंतीलाच दिला, पण त्या वर्षी परत आल्यावर ती नीट जेवेना.

अठ्ठ्याहत्तरच्या पाडव्याला व्हायचं ते झालं. आत्या गुढीपुढे नमस्कार करून उठल्या आणि म्हणाल्या, "औंदा मी येणार. माजं वय झालं. बेटाईला बघितल्याबिगर डोळं मिटायचं न्हाईत." वर हुकूम सोडला की लीलालाही न्यायचं, पाय चेपायला. माझी नणंद माहेरी बोलावून घेतली, घर बघायला.

त्या सांजेला गोठ्यात दादा, बनाक्का आणि मी, असे तिघे जमलो. दादांचं म्हणणं, पुढे बाबलला पत्र टाकू, तो एखादा धोंडा बघून ठेवेल, त्याला शेंदूर फासू. बनाक्का भडकली. "मी धोंड्याला शेंदूर लावणार न्हाई. आतापतुर खोटं बोललो, पर देव तरी खोटा मांडला न्हाई."

"मंग आईला काय सांगणार?"

"तुमी सांगा. बेटाई तुमी काडली."

शेवटी कुणीच काही ठरवलं नाही. मला वाईट वाटत होतं ते बनाक्काचं. खोटं उघडं पडलं की गावात तोंड दाखवायला जागा नाही, हे तर होतंच. पण तिला खरी भीती दुसरीच होती, ती मला तिच्या डोळ्यांत दिसत होती. ते बेट जाणार. वर्षातले ते चार दिवस जाणार, आणि मग ती पुन्हा बारा महिने उभी.

आत्या अनवाणी निघाल्या. देवीला जायचं म्हणजे पायात काही घालायचं नाही. कऱ्हाडहून कोल्हापूर, कोल्हापूरहून मालवणची एस.टी. फोंड्याच्या घाटात गाडी तापली म्हणून उतरवलं, तेव्हा त्या तापल्या डांबरावर उभ्या राहिल्या आणि तोंडानं "बेटाई, बेटाई" करत होत्या. उपासही धरला होता. बनाक्कानं आपल्या चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या, तर म्हणाल्या, "खुळी का काय तू?" मग बनाक्काही अनवाणी उभी राहिली. मी दरीकडे तोंड फिरवलं.

दिवस कलताना आम्ही खाडीवर पोचलो. बाबल होडी घेऊन उभाच होता, "येवा, येवा" म्हणत. काठीनं होडी ढकलली आणि ती पाण्यावर अशी निघाली, की चाललो आहोत हे फक्त मागं सरकणाऱ्या काठावरून कळावं. पाण्याचा रंग ताकात हळद घातल्यासारखा झाला होता. समोर ते बेट. तीन वर्षं ऐकून ऐकून मला ते इतकं पाठ होतं, की मला वाटलं मी इथं आधी कधीतरी आले होते आणि विसरून गेले होते. माड पाण्यावर वाकलेले. एका घरातून धूर निघून सरळ वर न जाता झावळ्यांतच अडकून राहिलेला. आत्यांनी दोन्ही हात जोडले.

काठावर शेवंती उभी होती. आणि तिच्या अंगात ती चोळी होती. हिरवी, तांबड्या काठाची, मोराच्या बुट्टीची. पाहुण्या येणार म्हणून तिनं आपली सगळ्यात चांगली चोळी घातली होती. तिचा बिचारीचा काय दोष!

आत्या होडीतून उतरल्या. त्यांनी हात पुढे केला आणि शेवंतीच्या दंडावरचा काठ दोन बोटांत धरला. किती वेळ धरला कुणास ठाऊक. शेवंती हसत होती. दादा होडीतून उतरलेच नव्हते.

"बने," आत्या मागं न बघता म्हणाल्या, "देऊळ कुटं हाय?"

बनाक्का पुढे आली. "देऊळ न्हाई, आत्या. देवीबी न्हाई. आमी हितं नुसतं बसाय येतो."

ती इतक्या सरळ बोलली, की बाबलच्या हातातली काठीसुद्धा थांबली. मग आत्यांनी शेवंतीला विचारलं, "कुणी शिवली?"

"मियाच," शेवंती म्हणाली.

"चांगली बसलीया," आत्या म्हणाल्या, आणि जाऊन एका माडाखाली बसल्या. आमच्याकडे पाठ करून.

शेवंतीला काय कळलं, काय नाही, देव जाणे. तिनं आत जाऊन पान वाढलं आणि ते घेऊन थेट माडाखाली गेली. "आये, आदी तू जेव." आत्या उठायला लागल्या. पन्नास वर्षांची सवय, घरचे सगळे जेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. शेवंतीनं खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. आत्या पुन्हा उठल्या, तिनं पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा आत्या उठल्या नाहीत. उपास सोडून त्या तो भात जेवल्या आणि शेवंती समोर बसून त्यांना वारा घालत राहिली.

पुढचे दिवस मला एकामागून एक असे आठवत नाहीत. सगळे मिळून एकच लांबलचक दुपार आठवते. आत्या आमच्याशी बोलत नव्हत्या. मल्लावर पडून असायच्या. काजूच्या बोंडांचा वास यायचा. पाणी खाली जायचं तसा चिखल उघडा पडायचा, त्यावर बगळे चालायचे, आणि मग ते उभं राहायचं. पहिल्यांदा ते उभं राहिलं तेव्हा आत्या कोपरावर उठल्या. मी पाय चेपत होते. माझा हात त्यांनी बाजूला केला.

"ह्ये का थांबलं गं?"

"आता मागं फिरंल, आत्या."

त्या बघत राहिल्या. एक सुकी झावळी समुद्राकडे चालली होती, ती जागच्या जागी फिरायला लागली आणि मग सावकाश आमच्याकडे यायला लागली. आत्या पुन्हा आडव्या झाल्या. माझा हात त्यांनी आपल्या हातात तसाच ठेवला. चेपायला सांगितलं नाही. मीही मग त्यांच्या शेजारी लवंडले. सासूच्या शेजारी, भर दिवसा! वर झावळ्या हलत होत्या आणि मला एवढंच वाटत होतं, की कुणी हाक मारू नये. आणि खरंच कुणी मारली नाही.

बनाक्का आणि दादा मात्र दूर दूर बसायचे, गुन्हा केल्यासारखे. ते तीन दिवस दादांच्या गुडघ्याला तेल लागलं नाही, वाटी नुसती पुढ्यात असायची.

चौथ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. शेवंतीनं घावणे केले होते. खाऊन झाल्यावर आत्यांनी दादांना समोर बसवलं. तीन दिवसांत त्या पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या.

"आकाराम, तुजा बा चांगला माणूस हुता. पर मला कवा म्हणाला न्हाई, चल चंद्रे, जरा बस म्हणून. त्याला ठावंच न्हवतं. मलाबी ठावं न्हवतं." त्यांचा आवाज चढला. "तुला ठावं हुतं! पाच वर्सं तुला ठावं हुतं, आन मी तिकडं शेण काडत हुते. देव न्हाई त्याचं मला काय न्हाई रं. मला आदी का न्हाई आणलंस?"

दादांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. उत्तर बनाक्कानं दिलं.

"त्यास्नी नगा बोलू, आत्या. ते दुसऱ्याच वर्सी म्हणाले, आईला नेऊ. मीच नगं म्हणाले." ती जमिनीकडे बघत नव्हती, सरळ आत्यांकडे बघत होती. "मला वाटलं, तुमी आला तर मी हितंबी सून हुईन."

मला तर वाटलं आता आभाळ कोसळतंय. सुनेनं सासूला असं तोंडावर बोललेलं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

"झालीस का?" आत्यांनी विचारलं.

बनाक्कानं विचार केला. खरोखरच विचार केला, कारण तिला उत्तर माहीत नव्हतं. चार दिवसांत आत्यांनी तिला पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. आणि मग रडली. आत्यांनी तिला जवळबिवळ घेतलं नाही, आमच्या आत्या तशा नव्हत्याच. त्यांनी दादांच्या पुढ्यातली खोबरेलाची वाटी उचलली आणि बनाक्काच्या हातात दिली. "गुडगं बग त्याचं. सुजलंय. होडीला येळ हाय अजून." आणि उठून त्या शेवंतीच्या परसात निघून गेल्या.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोपा बायकांनी भरला. म्हातारी स्वतः जाऊन आलेली, म्हणून सगळ्या हजर. धुळाची आई, तानुबाई, वरच्या आळीच्या चौघी, मागं उभ्या पोरीबाळी. मी पाणी दिलं. बनाक्का आत दाराला टेकून उभी होती. वाटेत आत्यांनी काय सांगणार ते एका शब्दानं कळू दिलं नव्हतं, आणि बनाक्कानं विचारलं नव्हतं. तिच्या हाताची बोटं एकमेकांत गुंतलेली मी बघत होते.

"मंग, बेटाई कशी हाय?" धुळाच्या आईनं विचारलं.

"बेटाईबिटाई कोण न्हाई," आत्या म्हणाल्या. "देऊळ न्हाई, धोंडा न्हाई. ही दोगं तितं जाऊन नुसती बसत्यात. चार दिस. काय करत न्हाईत."

बनाक्कानं डोळे मिटले.

"आन मी बी बसले," आत्या म्हणाल्या. "लीला बी बसली."

तानुबाईचा चेहरा लाल झाला होता. ती मोठ्या घशाची बाई, तिला कुणी फसवलेलं खपत नसे. "आन माजं खण? चार वर्सं दिलं मी!"

"तितं एक बाई हाय. ती अंगात घालती. चांगली बाई हाय. आपल्याला बसवती आन आदी वाढती."

तानुबाईनं भांडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिनं आत्यांकडे बघितलं, मग मान वळवून दाराकडे, बनाक्काकडे. बाकीच्याही तिकडेच बघायला लागल्या. कुणी एकीनं ठेवणीतली शिवी काढेल म्हणून मी वाट बघत होते. पण तानुबाईचा आवाज खाली आला. एवढा हळू आवाज तिच्या गळ्यात आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"बने," तिनं विचारलं, "ज्येवताना मदीच उटावं लागत न्हाई?"

बनाक्का दारातून बाहेर आली आणि त्या सगळ्यांच्या मधे खाली बसली.

"न्हाई," ती म्हणाली.